धनाजीने शिकवलेले शब्द

विलास रिसबूड बोलायला लागला की समोरच्याला वाटायचं, हा आता आपल्याकडून कविता पाठ करून घेणार. देवरुखकडच्या एका प्राथमिक शिक्षकाचा हा मुलगा. घरात एखादा शब्द वाकडा गेला तर वडील जेवण थांबवून तो सरळ करून घ्यायचे. त्यामुळे विलासचं मराठी शुद्ध होतं. इतकं शुद्ध, की तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एक्क्याण्णव साली तो तिथं एका अडत्याच्या गाळ्यावर कारकून म्हणून लागला. ट्रक लागला की गोण्या मोजायच्या, ओली-फाटकी गोणी बाजूला काढायला सांगायची आणि चिठ्ठी करायची. मोजणं आणि चिठ्ठी करणं त्याला जमत होतं. सांगणं जमत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यानं ट्रकवर उभ्या असलेल्या हमालाला हाक मारली आणि म्हणाला, "अहो, त्या गोण्या जरा हळुवारपणे उतरवता का?"

हळुवारपणे! कांद्याच्या मार्केटात हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला नसावा. अख्खी टोळी पोट धरून हसली. एकानं तर गोणी खाली टाकून तिच्यावरच बसकण मारली. विलासचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घातली आणि तो चिठ्ठ्या करायला लागला. दुपारी टोळीतलाच एक आडवा-तिडवा माणूस दोन कटिंग घेऊन त्याच्या टेबलापाशी आला. सकाळी सगळ्यात मोठ्यानं तोच हसला होता.

"मास्तर, च्या घ्या," तो म्हणाला. "रागावू नका. पन असं बोलाल तर हितं तुमाला खजूर समजतील."

"खजूर म्हणजे?"

"म्हंजी बावळट. पन गोड बावळट. शिवी न्हाई ती."

हा धनाजी. साताऱ्याकडचा, पाटण तालुक्यातला. वय चाळिशीचं, शाळा चौथीपर्यंतची, आणि क्विंटलची गोणी पाठीवर घेऊन फळी चढताना कपाळावर आठी नाही. त्या दिवसापासून त्यानं विलासची शिकवणी घेतली. मास्तर विद्यार्थी आणि हमाल मास्तर, असा उलटा वर्ग रोज दुपारी गोण्यांच्या थप्पीच्या सावलीत भरायला लागला.

धनाजीचं शिकवणं मात्र पद्धतशीर होतं, हे मान्यच करायला हवं. नुसता अर्थ सांगून तो थांबत नसे. लोचा म्हणजे भानगड, पण आपोआप झालेली. झोल म्हणजेही भानगड, पण कुणीतरी मुद्दाम केलेली. सुमडीत म्हणजे कुणाला कळू न देता. कल्टी मारणं म्हणजे काम अंगावर यायच्या आत सटकणं. चिंधीगिरी म्हणजे चार आण्यांसाठी माणुसकी सोडणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठला शब्द कुणाला.

"ह्ये बगा, 'येडा' दोस्ताला बोलायचं, ते बी तोंडावर. त्यात माया हाय. परक्याला बोललात तर राडा व्हईल. 'खडूस' शेटला बोलायचं, पन शेट नसताना. आनि 'भावा' उगंच कुनाला बोलायचं न्हाई. ज्याला बोलला त्याच्यासाटी हुबं ऱ्हायला लागतं."

विलासनं एका वाहतूक कंपनीनं वाटलेली डायरी घेतली आणि त्यात हे सगळं लिहायला सुरुवात केली. शिक्षकाचा मुलगा! डाव्या बाजूला शब्द, मग अर्थ, मग 'उदा.' लिहून धनाजीच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं. सहा महिन्यांत तो ट्रकवाल्याला "ए भाय, पकवू नको, गाडी मागं घे" असं ओरडायला लागला आणि गाड्या मागं जायला लागल्या. टोळी त्याला मास्तरच म्हणायची, पण आता त्या हाकेत हसू नव्हतं. वर्षभरानं धनाजीनं त्याला पहिल्यांदा "भावा" म्हटलं. त्या दिवशी विलास घरी आल्यावरही स्वतःशीच तो शब्द पुटपुटत होता, हे त्याच्या बायकोनं, सरोजिनीनं पाहिलं.

मग येणं-जाणं सुरू झालं. येणं-जाणं म्हणजे विलासचं जाणं. धनाजीची तुर्भ्यात एक खोली होती. तिथं त्याची बायको वेणूबाई बाजरीची भाकरी आणि खर्डा वाढायची आणि "भावजी, लाजू नका" म्हणत आणखी एक भाकरी पानात टाकायची. धनाजी विलासच्या सानपाड्याच्या फ्लॅटवर कधी गेला नाही. विलासनं बोलावलं होतं, नाही असं नाही. पण ज्या आवाजात आपण "या एकदा" म्हणतो आणि समोरचाही येत नाही, त्या आवाजात.

एकदा दुपारी काम थंड होतं. धनाजी थप्पीला टेकून बसला होता. थप्पीवर चढण्याआधी तो नेहमी तिच्यावर तळहात टेकवायचा, क्षणभर थांबायचा आणि मग चढायचा. टोळीला वाटे, नमस्कार करतो. विलासनं सहज विचारलं, तर धनाजीनं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"दोन वर्सं झाली," तो हळू म्हणाला. "थप्पी सुटली. सात-आठ गोन्या अंगावर. श्वास घेता येईना, भावा. माजी लय टरकली. ल्हान पोरावानी आईच्या नावानं रडलो. चड्डी वली झाली. भायेर काडल्यावर बोललो, घाम हाय. तवापास्नं हात लावल्याबिगर वर पाय टाकवत न्हाई. वेनूला बी ठावं न्हाई ह्ये. तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

विलासनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला, त्यात खोट नव्हती. आणि संध्याकाळी घरी येऊन त्यानं डायरीत लिहिलं: 'टरकणे. फार घाबरणे. उदा.' पुढं ते सगळं. सवयीचा माणूस, त्याचा हात थांबला नाही.

आता सानपाड्याचं सांगायला हवं, कारण माती खाल्ली ती तिथं. चार मजल्यांची ती सोसायटी नवीन होती. कुणी गिरगावातून आलेले, कुणी परळहून, सगळे नोकरदार, सगळे एकमेकांना अंदाजानं ओळखणारे. चार वर्षं राहून विलासला तिथं 'बी-सातवाले' एवढंच नाव होतं. जिन्यात कुणी भेटलं तर मान हलवायचं, आणि पुढच्या मजल्यावर पोचेपर्यंत विसरून जायचं. मार्केटात टोळी हाका मारते आणि इथं कुणी नावानंही ओळखत नाही, हे त्याला लागायचं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण लागायचं.

मग एकदा पाण्यावरून सोसायटीची मीटिंग झाली. सगळे रीतसर तक्रारी करत होते. विलासच्या तोंडून निघून गेलं, "लोचा टाकीत नाही, लोचा पंपवाल्यात आहे. तो सुमडीत कल्टी मारतो." आणि असा हशा उसळला की सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले. खाली उतरताना तिघांनी त्याला नाव विचारलं. पुढच्या आठवड्यात एकानं जिन्यातच थांबवून म्हटलं, "रिसबूड, अजून एखादा टाका ना." विलासनं टाकला. मग टाकतच राहिला. वाढदिवसाला बोलावणी येऊ लागली. 'मार्केटची भाषा' ऐकवा, अशी फर्माईश व्हायची. आधी नुसते शब्द होते, मग धनाजीचा आवाज आला, मग त्याची चालण्याची ढब, गोणी खाली टाकल्यावर तो कमरेवर हात ठेवायचा ते. लोक खुर्चीवरून कोसळायचे.

"ते तुमचे मित्र आहेत ना?" सरोजिनीनं एकदा विचारलं.

"अगं, मी कुठं नाव घेतो?" विलास म्हणाला. सरोजिनी आत निघून गेली. ती बोलली नाही, याचा अर्थ आपलं बरोबर आहे असा विलासनं सोयीनं लावला.

शहाण्णव सालच्या नवरात्रात सांस्कृतिक समितीच्या मालतीबाईंनी अष्टमीच्या संध्याकाळचा कार्यक्रम ठरवला आणि पत्रकावर छापलं, 'विलास रिसबूड सादर करीत आहेत: मार्केटचा पैलवान'. छापील नाव! विलासनं ते पत्रक दोनदा वाचलं. मालतीबाई म्हणाल्या, "डोक्याला टॉवेल तर हवाच. आणि ते लोखंडी काय असतं हो हमालांकडे, गोणीत रुतवतात ते?"

"हूक," विलास म्हणाला.

"ते आणा. बहार येईल."

हमाल आपला हूक दुसऱ्याला देत नाही. तो त्याच्या हाताच्या पकडीचा असतो आणि खंडेनवमीला हळद-कुंकू लावून त्याची पूजा होते. विलासला हे माहीत होतं. म्हणून तर त्यानं सप्तमीला जे सांगितलं ते इतकं नेमकं होतं. तो धनाजीला म्हणाला, "भावा, तुझा हूक दे. यंदा खंडेनवमीला माझ्या घरी पूजेला ठेवतो. तुझ्या हुकावर माझंही घर चालतं."

धनाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कमरेचा हूक काढला, टॉवेलाच्या टोकानं पुसला आणि दोन्ही हातांनी दिला. बोलण्यासारखे इतके शब्द शिकवलेल्या माणसाला त्या वेळी एकही सापडला नाही. आणि विलास? त्याला वाईट वाटलं का? वाटलं, पण गाळ्यापासून बसस्टॉपपर्यंत. बसमध्ये तो संवाद घोकत होता.

अष्टमीला साडेसातला कार्यक्रम सुरू झाला. मोकळ्या जागेत मंडप, पुढं देवी, बाजूला लाकडी स्टेज, दीडशे खुर्च्या भरलेल्या. विलास टॉवेल बांधून, हूक खांद्याला अडकवून आला आणि नुसतं कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर टाळ्या पडल्या. खजूर झाला, खडूस झाला, चिंधीगिरी झाली. लोकांना दम खायला सवड मिळेना. मालतीबाई पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतकं प्रेम विलासला कुणी कधी दिलं नव्हतं. आणि मग शब्द संपत आल्यावर, हसू उतरेल या भीतीनं म्हणा किंवा चढलेल्या धुंदीत म्हणा, त्यानं ठरवलं नव्हतं ते केलं. समोर हवेतच थप्पी आहे असं समजून त्यानं तिच्यावर तळहात टेकवला, थरथरवला, आणि धनाजीच्या आवाजात म्हणाला, "भावा, माजी लय टरकली!"

पुढचं सगळं त्यानं केलं. गोण्यांखाली चेपलेलं तोंड केलं. आईच्या नावानं रडून दाखवलं. ओली चड्डी चिमटीत धरून "घाम हाय, घाम हाय" म्हणत स्टेजभर फिरला. मंडप फुटेल इतका हशा. आणि त्या हशातून त्यानं मंडपाच्या कडेला पाहिलं.

धनाजी उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला नवी टोपी. शेजारी वेणूबाई, ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात, हातात ताट, ताटात नारळ आणि झेंडूची फुलं. उद्या दुसऱ्याच्या घरी आपल्या हुकाची पूजा व्हायची, तर ताट आपलं हवं, आणि सकाळी तर गाळ्यात टोळीची पूजा, म्हणून ती दोघं आदल्या संध्याकाळीच पत्ता विचारत विचारत आली होती. आपण कुणाच्या घरच्या पूजेचं ताट घेऊन चाललोय, एवढंच त्यांना माहीत होतं. वेणूबाईच्या तोंडावर हसू होतं. भावजी स्टेजवर आहेत, लोकांना आवडताहेत, म्हणून ती आधी हसली असणार. आता ते हसू तसंच राहिलं होतं, कारण ते कुठं ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. मग तिनं हळूच नवऱ्याकडे बघितलं. धनाजी समोर बघत होता.

इथं विलासनं थांबायला हवं होतं. मधेच उतरून जायला हवं होतं, पाय धरायला हवे होते, निदान गप्प व्हायला हवं होतं. त्यानं काय केलं? त्यानं आणखी दोन शब्द केले. 'लोचा' केला आणि 'डोक्याला शॉट' केला. लोक हसत होते आणि दीडशे लोकांपुढं मधेच थांबलो तर काय कारण सांगणार, हा विचार त्याच्या डोक्यात आला. पुढं कितीतरी वर्षं त्याला झोपेतून उठवायचं ते हेच. चड्डीची नक्कल केली म्हणून तो स्वतःला शिव्या द्यायचा, पण ते दोन शब्द आठवले की शिवीही सुचत नसे.

तो खाली आला तेव्हा मंडपाच्या कडेला कुणी नव्हतं. लोक पाठ थोपटत होते. सरोजिनी खुर्चीवर ते ताट मांडीवर घेऊन बसली होती.

"मी बसा म्हटलं," ती म्हणाली. "त्या बाई म्हणाल्या, भावजींचं चालू द्या, आमी निगतो. ताट माझ्या हातात दिलं." मग ती विलासच्या डोक्यावरच्या टॉवेलाकडे बघत म्हणाली, "ते सोडा आधी."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाळ्यात टोळीनं सगळे हूक एका रांगेत मांडले होते, हळद-कुंकू लावून, एकेक झेंडू वाहून. रांगेत एक जागा रिकामी होती. विलासनं पिशवीतून हूक काढला. सगळी टोळी बघत होती. आदल्या रात्रीचं त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. ते न कळणंही त्याला मेल्याहून मेल्यासारखं करून गेलं.

"धनाजी," तो म्हणाला, "माझं चुकलं."

धनाजी उदबत्ती लावत होता. वळून म्हणाला, "ठेवा साहेब तिथं. आपण उगाच त्रास घेतलात."

साहेब. आपण. विलासला वाटलं, राग आहे, उतरेल. दसरा झाला, दिवाळी झाली. राग असता तर उतरला असता. धनाजी त्याच्याशी बोलणं टाळत नव्हता. उलट नीट बोलत होता. "साहेब, गाडी आलेली आहे." "साहेब, दोन गोण्या ओल्या आहेत, आपण बघून घ्याव्या." चौथीच्या पुस्तकातून एकेक शब्द बोटानं दाखवत वाचावा तसं, जपून, थांबत. त्याचं बघून टोळीही तशीच बोलायला लागली. टोळी हसत-खिदळत असायची, एकमेकांना येडा म्हणायची, आणि विलास जवळ आला की सगळे सरळ उभे राहून शुद्ध बोलायचे. मास्तर म्हणून कुणी हाक मारेना. चहा यायचा, पण टेबलावर ठेवून माणूस परत फिरायचा.

एकदा विलासनं मुकादमाला सांगून पाहिलं की मला दुसऱ्या टोळीकडे द्या. मुकादम म्हणाला, "का? तुमची टोळी किती अदबीनं वागते!"

विलास तुर्भ्याच्या खोलीवरही एकदा गेला होता. ताट परत द्यायला. वेणूबाईनं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला, ताट घेतलं, "बसा" म्हणाली. तो बसला. तिनं चहा दिला, बशीसकट, पाहुण्याला देतात तसा. भाकरी खा म्हणाली नाही. धनाजी घरात नव्हता, की मागच्या दारी होता, कोण जाणे. चहा गरम होता तरी विलासनं तो दोन घोटांत संपवला आणि उठला. सोसायटीत त्यानं पुन्हा कधी नक्कल केली नाही. मालतीबाईंनी पुढच्या वर्षी विचारलं, तर म्हणाला, "मला आता येत नाही." दोनेक वर्षांत तो पुन्हा बी-सातवाला झाला.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात विलासला दुसरीकडे नोकरी लागली, महाप्याच्या एका कंपनीत. मार्केटातला शेवटचा दिवस. दुपारी काम थंड होतं. धनाजी थप्पीपाशी एकटाच बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते. विलास त्याच्यासमोर जाऊन खाली जमिनीवर बसला. अडीच वर्षं घोकलेली माफी त्याच्याकडे तयार होती, चांगली लांबलचक. ती त्यानं सोडून दिली.

"भावा," तो म्हणाला. "मला खडूस बोल. चिंधी बोल. चार लोकांत माझी इज्जत काढ. पन असा बोलू नको रे. आपल्या भाषेत बोल."

धनाजी मनातल्या मनात शब्द जुळवत होता. मग विलासच्या डोळ्यांत बघून, सावकाश, कुठंही न अडखळता म्हणाला, "साहेब, आपण मोठे आहात. आपल्याशी तसं बोलता येणार नाही."

"का?"

"ती भाषा आमच्यातली हाय," धनाजी म्हणाला. मग स्वतःला दुरुस्त करत पुन्हा म्हणाला, "आमच्यातली आहे."